हातचं राखायचं, पण कोणापासून?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२ आणि १३. मूळ श्लोक आपापल्या पोथीत किंवा ॲपवर काढा, दोनदा मोठ्याने म्हणा आणि मग पुढे वाचा. घाई नाही.

भावार्थ थोडक्यात असा. यज्ञाने संतुष्ट झालेले देव तुम्हाला हवे ते भोग देतात. पण त्यांनी दिलेलं त्यांना न अर्पण करता जो एकटाच भोगतो, तो चोर. आणि पुढच्या श्लोकात, यज्ञ होऊन जे उरतं ते खाणारे सज्जन पापांतून सुटतात. जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात, ते पापच खातात.

'चोर' या शब्दापाशी थांबूया. या माणसाने कोणाचं कुलूप तोडलेलं नाही. कोणाच्या घरात शिरून काही उचललेलं नाही. त्याच्याकडे जे आहे ते त्याला रीतसर मिळालेलं आहे. त्याने फक्त ते पुढे दिलं नाही. तरी भगवंत त्याला चोर म्हणतात. आपल्या रोजच्या हिशेबात चोरी म्हणजे 'घेणं'. इथे चोरी म्हणजे 'न देणं'. हा हिशेब नीट समजला नाही, तर हे दोन श्लोक नुसतेच पाठ होतात.

समजून घ्यायला मला एका इंग्रजी क्रियापदाची मदत झाली. तुमच्यापैकी बहुतेक जण ऑफिसात ते आठवड्यातून एकदा तरी वाचत असाल: 'विदहोल्ड'.

एका मित्राचा प्रश्न

माझा एक मित्र पुण्यात आयटीत आहे, घर संगमनेर तालुक्यातल्या एका गावात. मध्यंतरी त्याचा पगार चांगला वाढला. घरी सांगितलं नाही. मी विचारलं, का रे? तो म्हणाला, "मी खोटं कुठे बोललोय? फक्त विदहोल्ड केलंय. सांगितलं की चुलत-मावस सगळे उसने मागायला येतात. आणि तूच म्हणतोस ना, गीतेत संयम सांगितलाय. समज, संयम पाळतोय."

उत्तर हुशार होतं. हसूही आलं. पण मनात प्रश्न राहिला: हा संयम आहे का? की १२ व्या श्लोकातली चोरी? दोन्हीत माणूस काहीतरी धरून ठेवतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

शब्द काय सांगतो

'विदहोल्ड' हा शब्द जरा उलगडून बघू. यात दोन तुकडे आहेत, 'विद' आणि 'होल्ड'. शाळेत आपण 'विद' म्हणजे 'सोबत' असं शिकलो. मग 'सोबत धरणं' म्हणजे 'रोखून ठेवणं' कसं झालं? कारण जुन्या इंग्रजीत 'विद'चा अर्थ 'विरुद्ध' असा होता. 'विदस्टँड' म्हणजे समोर ठाकून तग धरणं, 'विदड्रॉ' म्हणजे मागे घेणं, यांत तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. म्हणजे विदहोल्ड करणं हे नुसतं धरणं नव्हे. कोणाच्या तरी विरुद्ध धरणं.

आता वापर बघा. इंग्रजीत ही वस्तू विदहोल्ड केली, एवढ्यावर वाक्य नेहमी पुरं होत नाही. पुढे 'फ्रॉम' येतो, आणि त्या 'फ्रॉम'नंतर बहुतेक वेळा एक माणूस येतो. माहिती विदहोल्ड केली, कोणापासून? टीमपासून. पैसे विदहोल्ड केले, कोणापासून? ठेकेदारापासून. परवानगी विदहोल्ड केली, कोणाला नाकारली? वाक्यात 'फ्रॉम' लिहिला नसला तरी तो लपून बसलेला असतोच.

याच्या शेजारचं क्रियापद आहे 'रिफ्रेन'. त्यालाही 'फ्रॉम' लागतो. पण तिथे 'फ्रॉम'नंतर माणूस येत नाही, कृती येते. बोलण्यापासून रिफ्रेन केलं, खाण्यापासून रिफ्रेन केलं. मी मला आवरलं, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या कोणाचं काही अडलं नाही.

व्याकरणाचा हा छोटा फरक गीता वाचताना फार उपयोगी पडतो. मी काही धरून ठेवलंय, तर 'फ्रॉम'नंतर कोण आहे? माझीच एखादी सवय, की समोरचा माणूस?

मराठीत तर आपल्याकडे यासाठी क्रियापदांची रांगच आहे. राखून ठेवणं, आवरणं, थोपवणं, रोखणं, अडवणं, दाबून ठेवणं, दडवणं. आई डब्यात तुमच्यासाठी लाडू 'राखून' ठेवते, 'दडवून' ठेवत नाही. साहेब फाईल 'दाबून' ठेवतो, 'राखून' ठेवत नाही. राग 'आवरतात', पगार 'अडवतात'. हेतू काय आहे ते मराठी क्रियापदातच बोलून जाते. इंग्रजी शब्द मात्र गुळगुळीत आहे. कारण चांगलं असो की वाईट, तोच चालतो. म्हणून मित्राने मराठीत बोलताबोलता नेमका तिथे इंग्रजी शब्द घेतला. 'घरी पगार दडवलाय' असं म्हटलं असतं तर त्याचं त्यालाच टोचलं असतं.

गीतेतली तीन माणसं

भगवंतांनी धरून ठेवणाऱ्या माणसाची तीन चित्रं दाखवली आहेत.

पहिलं चित्र दुसऱ्या अध्यायात, ५८ व्या श्लोकात. कासव जसे आपले अवयव सगळीकडून आत ओढून घेतं, तशी जो इंद्रियं विषयांपासून आवरून घेतो, त्याची बुद्धी स्थिर. कासवाने पाय आत घेतले म्हणून शेजारच्या कासवाचं काही कमी झालं का? नाही. इथे 'फ्रॉम'नंतर विषय आहेत, माणूस नाही. हा संयम.

दुसरं चित्र तिसऱ्या अध्यायाच्या ६ व्या श्लोकात. हात-पाय आवरलेत, पण मन आत त्याच विषयांचं चिंतन करतंय. भगवंत त्याला मिथ्याचारी म्हणतात, म्हणजे ढोंगी. बाहेरून कासवच, आतून मोकाट.

तिसरं चित्र म्हणजे आजचा चोर. त्याने इंद्रियं आवरलेली नाहीत, उलट मजेत भोगतोय. आवरलंय ते फक्त देणं.

आता मित्राचं वाक्य परत वाचा: "समज, संयम पाळतोय." संयम म्हणजे आपलं घेणं आवरणं. देणं आवरण्याला गीतेत कुठेही संयम म्हटलेलं नाही.

हातचा एक

मग काहीच राखायचं नाही का? आलं ते सगळं वाटून मोकळं व्हायचं? गीता असं म्हणत नाही, आणि आपल्या आजीनेही असं केलेलं नाही. तिने बियाणं राखलं, शिधा राखला, म्हणून घर चाललं.

इथे आपलं पहिली-दुसरीचं गणित आठवा. आठ आणि पाच तेरा. तीन लिहिले, हातचा एक. तो एक आपण टाकून देत नाही, आणि त्याच घरात कोंबतही नाही. हातात ठेवतो आणि पुढच्या घरात मिळवतो. हातचा ठेवणं चूक नाही. हातचा विसरणं चूक आहे. विसरलात की उत्तर चुकलं, मग बाकीची बेरीज कितीही सुंदर अक्षरात मांडलेली असो. आपण जे कोड लिहितो त्याच्या तळाशी, प्रोसेसरच्या बेरजेतही, हाच हातचा 'कॅरी' म्हणून एका घरातून पुढच्या घरात सरकत असतो.

म्हणजे राखण्याला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, कोणापासून राखलं? दुसरा, पुढच्या कुठल्या घरात मिळवणार, आणि कधी?

आपल्या पगारातून कापला जाणारा टीडीएस घ्या. बऱ्याच देशांत त्याला 'विदहोल्डिंग टॅक्स' म्हणतात, म्हणजे हेच क्रियापद. कंपनी तुमच्या पगारातून रक्कम कापून ठेवते. त्यात गैर काही नाही, कायदाच तसं सांगतो. पण ती साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करावी लागते. कापली आणि भरलीच नाही, तर मात्र दंड, व्याज, आणि वेळप्रसंगी गुन्हाही. बघा, कायदा राखण्याला चोरी म्हणत नाही. राखलेलं पुढे न देण्याला म्हणतो. हाच १२ वा श्लोक. देवांनी दिलं, आपल्या हातात आलं, आपण फक्त मधला टप्पा होतो. मधला टप्पा स्वतःला मालक समजायला लागला की भगवंत त्याला चोर म्हणतात.

पुढचे श्लोक म्हणूनच चक्राचे आहेत. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, कर्मापासून यज्ञ. आणि १६ व्या श्लोकात निकाल: हे फिरवलेलं चक्र जो पुढे चालवत नाही, तो व्यर्थ जगतो. चक्रात सगळेच मधले टप्पे असतात. पहिलं घर कोणाचंच नाही आणि शेवटचंही नाही.

प्रवरेचं पाणी

आम्हा संगमनेरकरांना हे समजायला लांब जायला नको. प्रवरा अकोल्याकडून येते, गावात म्हाळुंगी तिला मिळते. वर भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ साली पुरं झालेलं, सुमारे ११ टीएमसी पाणी धरणारं. एवढं पाणी पावसाळ्यात रोखून धरलं म्हणून कोणी धरणाला चोर म्हणत नाही. कारण आवर्तन सुटतं. ऊस, कांदा, चारा, डाळिंब, सगळे आवर्तनाच्या तारखेकडे डोळे लावून असतात. 'पाणी सुटलं का?' हा आमच्याकडे उन्हाळ्यात जवळजवळ 'राम राम' इतकाच नेहमीचा प्रश्न आहे. ज्या अडवण्याला सोडण्याची तारीख आहे, ते राखणं.

पण त्याच खोऱ्यात निळवंडेही आहे. या धरणाची कल्पना १९७० मध्ये पुढे आली. डावा कालवा लोकांना अर्पण झाला तो २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. मधे ५३ वर्षं. ७ तालुक्यांतल्या १८२ गावांसाठीचं ते पाणी. उशिराची कारणं अनेक असतील, त्यात मी पडत नाही. मला त्या वाक्यातला 'फ्रॉम' दिसतो. तळेगाव दिघे भागातल्या जिरायती गावांत कालव्याची वाट बघत एक अख्खी पिढी म्हातारी झाली. कोणी ठरवून काही चोरलं नाही असं धरलं, तरी त्या पिढीचं व्हायचं ते झालंच. न मिळालेल्याच्या बाजूने बघितलं की 'फक्त उशीर' हा शब्द फार हलका वाटतो.

हे मोठ्या गोष्टींचं झालं. आपल्या हातातही छोटी छोटी धरणं असतात. ज्युनिअरला सांगायची माहिती, ज्याचं काम त्याला द्यायचं श्रेय, मागितलेल्या मदतीचं हो किंवा नाही. 'सांगू नंतर' असं आपण म्हणतो. तारीख आहे का त्या 'नंतर'ला?

अबोला आणि मौन

सगळ्यात जास्त रोखली जाणारी वस्तू कुठली, ठाऊक आहे? पैसे नाहीत. शब्द.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत हे आपलं भाग्य. मौन आणि अबोला. दोन्हीत माणूस बोलत नाही. डेसिबल मोजायला गेलात तर दोन्ही शून्य. पण मौन 'पाळतात' आणि अबोला 'धरतात'. मौन कोणाशी पाळलं, असा प्रश्नच येत नाही. अबोला मात्र नेहमी कोणाशी तरी असतो. बायकोशी, भावाशी, बापाशी. म्हणजे परत तोच 'फ्रॉम', आणि त्याच्यापुढे एक चेहरा.

गीतेने १७ व्या अध्यायात, १६ व्या श्लोकात मौनाला मनाचं तप म्हटलंय. मनाची प्रसन्नता आणि सौम्यपणा यांच्याच रांगेत. प्रसन्नता नाही आणि बोलणं बंद आहे, तर ते मौन नव्हे. तिसऱ्या अध्यायातला मिथ्याचारी तो: जीभ आवरली, आत मात्र भांडण चालूच. मेसेज वाचायचा, निळी टिक जाऊ द्यायची आणि मुद्दाम दोन दिवस उत्तर द्यायचं नाही, याला कोणी साधना समजू नये.

याच्या आदला, १५ वा श्लोक वाणीच्या तपाचा आहे. बोलणं कसं असावं? दुसऱ्याला न दुखवणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. इथे एक अवघड प्रसंग आपल्या सगळ्यांच्या घरात येतो. आजीचा रिपोर्ट वाईट आला. सगळ्या घराला माहीत, फक्त आजीला नाही. 'तिला सोसणार नाही' म्हणून. हे राखणं की दडवणं?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. शरीर तिचं आहे, म्हणून ती गोष्ट मुळात तिची आहे. आपल्या हातात आहे तो हातचा. कोणत्या वेळी सांगायचं, कोणी सांगायचं, किती सांगायचं, शेजारी कोण बसलेलं असावं, हे आपण राखू शकतो. एक दिवस, चार दिवस थांबू शकतो. तिने स्वतःच 'मला नको सांगू' म्हटलं, तर तोही तिचाच निर्णय. पण ती विचारते आहे आणि आपण वर्षभर हसून विषय बदलतो आहोत, तर आपण तिच्यापासून तिचा निरोप घ्यायचा वेळही काढून घेतलेला असतो. कोणाला भेटायचं होतं, कोणाला काही द्यायचं होतं, एखादी वारी राहिली होती. 'तिच्यासाठी' केलं म्हणताना, ते 'तिच्यापासून'ही झालेलं असतं.

बाहेरून अडवलं तर

इथपर्यंत आपण स्वतः रोखून ठेवण्याबद्दल बोललो. पण आपल्यालाच कोणी रोखलं तर? संगमनेरच्या हनुमान जयंतीची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ज्यांनी नाही ऐकली त्यांच्यासाठी.

१९२९ साल. हनुमान जयंती २३ एप्रिलला होती. इंग्रज सरकारने रथाच्या मिरवणुकीला मनाई केली. मंदिराभोवती पोलीस. पुरुषांना पुढे होता येईना. तेव्हा झुंबराबाई अवसक आणि त्यांच्यासोबतच्या बायका पुढे आल्या. त्यांनी रथाचा ताबा घेतला, दोर हातात घेतले आणि रथ ओढायला सुरुवात केली. रथ निघाला. तेव्हापासून आजपर्यंत संगमनेरात हनुमान जयंतीच्या रथाला पहिला हात बायकांचा. आणि आता पोलीस ठाण्याकडूनच मानाचा ध्वज वाजतगाजत येतो, तो रथावर लागतो आणि मग रथ हलतो. ज्या खात्याने एकदा अडवलं, तेच आज निघायची खूण घेऊन येतं.

आपल्या क्रियापदाच्या भाषेत सांगायचं तर सरकारने परवानगी विदहोल्ड केली. ती द्यायची की नाही हे त्या बायकांच्या हातात नव्हतंच. त्यांच्या हातात होतं ते त्यांचं स्वतःचं बळ, आणि ते त्यांनी रोखलं नाही. आपण नेमकं उलटं करतो. वर कोणीतरी आपलं प्रमोशन रोखलं की आपण खाली आपलं काम रोखतो. 'ते देत नाहीत, तर मी का देऊ?' वरच्याने अडवलं, आणि शिक्षा खालच्याला, ज्याचा काहीच संबंध नव्हता.

रथाच्या दोराची आणखी एक गंमत आहे. दोराला पन्नास हात लागलेले असतात. त्यातला एखादा नुसताच दोर धरून चालतोय, ओढत नाहीये, हे शेजारच्यालाही कळत नाही. फोटोत तर मुळीच नाही. हात राखून ओढणारा आणि जीव लावून ओढणारा, दोघेही 'जय हनुमान' म्हणतात. फरक फक्त दोघांनाच माहीत. एक तो स्वतः, आणि एक रथात बसलेला.

भगवंतांनी काय राखलं?

इतकं सगळं सांगणाऱ्या भगवंतांनी स्वतः काही राखलं का? १८ व्या अध्यायात याचं उत्तर मिळतं. ६३ व्या श्लोकात ते अर्जुनाला म्हणतात की गुह्याहून गुह्य ज्ञान तुला सांगून झालं. आता पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. ज्ञान सगळं दिलं, फक्त सक्ती राखली. किती सुंदर आहे हे राखणं! अर्जुनाचं त्यात काही कमी झालं नाही, उलट त्याला त्याचा निर्णय मिळाला.

आणि ६७ व्या श्लोकात तर एक सरळ सूचना आहे: हे ज्ञान तप नसलेल्याला, भक्ती नसलेल्याला, ऐकायची इच्छा नसलेल्याला आणि माझी निंदा करणाऱ्याला सांगू नये. म्हणजे विदहोल्ड करा! पण पुढचाच श्लोक वाचल्याशिवाय थांबू नका. जो हे माझ्या भक्तांपर्यंत पोचवेल, तो मलाच येऊन मिळेल. राखायचं ते योग्य कानापर्यंत नीट जावं म्हणून. कपाटात ठेवायला नाही.

आपली प्रवरा संगमनेरहून पुढे वाहत नेवाशाला जाते. तिथे, तिच्याच काठी, १२९० साली ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवर मराठीत टीका सांगितली. तोपर्यंत हे ज्ञान संस्कृत जाणणाऱ्यांच्या हातात होतं. त्यांनी वाईट हेतूने दाबून ठेवलं असं मी म्हणत नाही. पण 'कोणापासून' या प्रश्नाचं उत्तर मोठं होतं. शेतात राबणारी बाई, बलुतेदार, ज्याला पाठशाळेत जागा नव्हती असा प्रत्येक जण. महाराजांना ज्ञान मिळालं ते थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथांकडून. त्यांनी ते स्वतःपाशी राखलं असतं तर कोणी बोल लावला नसता. ज्या समाजाने त्या भावंडांना वाळीत टाकलं होतं, त्याच समाजाला त्यांनी ते दिलं. वरून रोखलं गेलं, तरी खाली रोखलं नाही.

मग मित्राचं काय?

त्याला मी दोनच प्रश्न विचारले. कोणापासून? आणि पुढच्या घरात कधी?

चुलतभाऊ, मावसभाऊ यांना त्याचा पगार कळायलाच हवा असं काही नाही. त्यांचा त्या आकड्यावर हक्क नाही. त्यांना न सांगणं हे कासवाचं. त्याबद्दल मनात कुरकुर ठेवायचं कारण नाही.

पण त्याच्या वडिलांनी त्याच्या इंजिनिअरिंगसाठी काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही. दोन गाई आणि कांद्याच्या भरवशावर ते हप्ता भरतात आणि फोनवर म्हणतात, "तुझं तू बघ, आमचं चाललंय." वस्तू तीच, पगाराचा आकडा. क्रियापद तेच. फक्त 'फ्रॉम'नंतरचं नाव बदललं, आणि संयमाची चोरी झाली. देवांनी दिलेलं देवांना न देता भोगणारा, असं श्लोक म्हणतो. ज्यांच्यामुळे मिळालं त्यांना वगळून भोगणारा, असं आपल्या घराच्या भाषेत वाचा.

त्यावर त्याने काय केलं, ते इथे लिहीत नाही. ती गोष्ट त्याची आहे.

आजचा संकल्प

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं काढा. मोबाईल बाजूला. वहीत एकच ओळ लिहा: मी काय धरून ठेवलंय? पैसा, माहिती, उत्तर, कौतुक, क्षमा, वेळ, काहीही असू दे. त्याच्यापुढे 'पासून' लिहा आणि जागा मोकळी सोडा.

त्या जागेत स्वतःचीच एखादी सवय आली, तर समाधानाने झोपा. माणसाचं नाव आलं, तर त्याच्यापुढे तारीख घाला. या आठवड्यातली. आणि कौतुक असेल तर तारीखही नको, लगेच फोन करा. नऊ-साडेनऊपर्यंत आई-बाबा जागे असतात.

उद्या तिसऱ्याच अध्यायाचा १६ वा श्लोक, चक्र पुढे चालवण्याबद्दल. आज वाचून ठेवा.

राम कृष्ण हरि.